सहीखालची तारीख

नाना, तुमच्या शोकसभेत सात जण बोलले आणि सातही जणांनी एक वाक्य हमखास म्हटलं. नानांनी आयुष्यात कधी कोणाला नाही म्हटलं नाही. मी शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकवून ठेवलेल्या टेबल टेनिसच्या टेबलाशेजारी बसलो होतो. तुमच्या लेकीने, शैलाताईंनी, मला दोनदा खुणावलं, गोसावीकाका, बोला ना दोन शब्द. मी गुडघ्याकडे बोट दाखवलं. गुडघा दुखत होता, त्यात खोटं काही नाही. पण उठून बोलणार तरी काय होतो? तुम्ही नगराध्यक्ष होतात ती सगळी वर्षं मी तुमच्या दालनाबाहेरच्या टेबलावर बसलो. तुम्ही कोणाला नाही म्हणत नव्हता, कारण ते काम तुम्ही माझ्याकडे दिलं होतं. तुमच्या हार घातलेल्या फोटोसमोर हे कसं सांगायचं?

म्हणून आता कात्रजच्या घरी, सूनबाई कामावर गेल्यावर, हे लिहायला बसलो आहे. तुम्हाला जाऊन तेरा दिवस झाले. फार थकल्यासारखं झालंय. रडू यावं असं वाटतं, पण आज तेवढंही बळ नाही.

सभेला आपल्या गावाहून दोन बस भरून माणसं आली होती. मांजरीतल्या तुमच्या त्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनने सगळ्यांना अडवलं. "कुठल्या फ्लॅटला?" गावकऱ्यांनी सांगितलं, "नानांकडं." तो म्हणाला, "नाना कोण? फ्लॅट नंबर सांगा." आपल्या गावात 'नाना' एवढं म्हटलं की रिक्षावाला भाव न करता न्यायचा. इथे कोणालाच तुमच्या फ्लॅटचा नंबर ठाऊक नव्हता. शेवटी मीच पुढे होऊन सांगितला. तुमच्या वतीने गेटवर उभं राहायची सवय मला होतीच.

आठवतंय, मी नवा होतो. दुसऱ्याच आठवड्यात तुम्ही मला आत बोलावलंत, दार लावायला सांगितलंत आणि म्हणालात, "गोसावी, ऐका. माणूस समोर उभा ऱ्हायला की सही करावी लागती. त्याचा बी मान असतो, आपला बी असतो. सहीखाली तारीख असली तर काम करायचं. तारीख नसली तर कागद झोपवायचा. कळलं?"

कळलं. इतकं कळलं की पुढे तुम्हाला कधी पुन्हा सांगावं लागलं नाही. माणूस आत जायचा, तुम्ही त्याच्या म्हशीपासून मुलीच्या लग्नापर्यंत चौकशी करायचात, चहा मागवायचात, त्याच्यादेखत अर्जावर झोकदार सही करायचात. माणूस खूश होऊन बाहेर यायचा आणि कागद माझ्या हातात द्यायचा. मी आधी सहीखाली बघायचो. तारीख असली तर कागद मुख्याधिकाऱ्यांकडे. नसली तर माझ्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात. मुख्याधिकारी दोन-तीन वर्षांनी बदलून जायचे, त्यांना त्या खणाचा पत्ता कधी लागला नाही. लोक सहा-सहा महिने माझ्याकडे खेटे घालायचे. "सायबांची सही झालीय हो, तुमीच कुठं अडवलाय," असं म्हणून जायचे. गावात तुम्ही देवमाणूस आणि मी खडूस. निर्मला, माझी बायको, भाजी आणायला गेली की बायका तिला ऐकवायच्या. घरी येऊन ती पिशवी ओट्यावर ठेवायची आणि भाजी निवडत बसायची.

एकदा पद महिलांसाठी राखीव झालं आणि वहिनी नगराध्यक्ष झाल्या. तेव्हा सही वहिनींची असायची आणि तारीख तुम्ही टाकायचात. वहिनींनी एकदा मला विचारलं होतं, "अहो गोसावी, मला एवढी सही करता येते, मग तारीख का नाही टाकता येत?" मी हसून वेळ मारून नेली. त्यांना सगळं कळत असणार. त्या पाच वर्षांत खण निम्मा रिकामा झाला होता, कारण तुमची पाठ वळली की त्या गुपचूप तारखा टाकायच्या. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. आता सांगतो. वर भेटल्या की त्यांच्यावर रागावू नका.

तुमची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे नुसती तक्रार होईल. पाण्याची नवी टाकी तुम्ही उभी केलीत. स्मशानभूमीला छप्पर तुमच्यामुळे आलं. मागची तारीख तर तुम्ही जन्मात कधी टाकली नाहीत. तुमचे सख्खे मेहुणे ठेकेदारीचा कागद घेऊन आले, गेल्या महिन्याची तारीख टाका म्हणून दोन तास बसले. तुम्ही त्यांना जेवू घातलंत, पान दिलंत आणि म्हणालात, "दाजी, ज्या दिवशी सही केली त्याच दिवसाची तारीख पडंल. माझ्याकडं दुसरा दिवस न्हाई." मेहुणे वर्षभर तुमच्या दारात आले नाहीत.

आणि निर्मलाचं ऑपरेशन. पुण्याला आणलं होतं तिला. मी कोणाला कळवलं नव्हतं, तरी सकाळी सात वाजता तुम्ही हॉस्पिटलच्या बाकावर हजर. हातात वहिनींनी दिलेला डबा. संध्याकाळपर्यंत तिथून हलला नाहीत. मी म्हटलं, नाना, आज सभा आहे ना? तुम्ही म्हणालात, "सभा उद्या बी हाय." निर्मला पुढे अकरा वर्षं जगली. त्या बाकावरच्या दिवसासाठी मी तुमचं पुष्कळ सोसलं, आणि तक्रार करायला तोंड उघडलं की तो डबा आठवायचा.

तर मोहितेबाई.

आपल्या नगरपालिकेच्या शाळेत शिकवायच्या, ओढ्यापलीकडे राहायच्या. ओढ्यावर अरुंद साकव होता, बैलगाडी जाणार नाही एवढा, आणि त्याला कठडा नव्हता. रोज त्या पन्नासेक पोरांना पुढे-मागे घालून साकवावरून आणायच्या-न्यायच्या. कठडा बांधून द्या म्हणून त्या अर्ज घेऊन आल्या तेव्हा निवडणूक होऊन महिनाच झाला होता. ओढ्यापलीकडच्या वस्तीने तुम्हाला मतं दिली नव्हती, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. तुम्ही बाईंना खुर्ची दिलीत, चहा दिलात, शाळेची विचारपूस केलीत. सही केलीत. तेवढ्यात फोन वाजला, तुम्ही पेन खिशाला लावलंत आणि बोलत बोलत उठलात.

कागद माझ्याकडे आला. तारीख नव्हती.

मी काय समजलो ते तुम्हाला ठाऊक आहे. मला वाटलं, मतदान नानांच्या मनाला लागलंय. संध्याकाळी निघताना मी नेहमीप्रमाणे दारातून विचारलं, "आणखी काही?" तुम्ही म्हणालात, "न्हाई. निघा." मी अर्ज खणात टाकला आणि घरी गेलो.

श्रावणात बाई साकवावरून पडल्या. पोरं नेमकी पलीकडे पोचली होती, म्हणून वाचली. बाईंचं मांडीचं हाड मोडलं. तुम्ही चपला न घालता धावलात, आपल्या हातांनी त्यांना जीपमध्ये घातलंत. आणि आठ दिवसांत कठडा उभा राहिला, पिवळ्या रंगाचा. बाईंचा पाय मात्र आखूड राहिला तो राहिलाच. पुढे तुमच्या सत्काराला त्या काठी टेकत स्टेजवर चढल्या आणि म्हणाल्या, "माझा अर्ज कुठं गहाळ झाला कोण जाणे, पण साहेबांना कळलं मात्र, आणि आठ दिवसांत काम झालं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. मीही सतरंजीकडे बघत होतो.

अर्ज गहाळ झालेला नव्हता. त्या पडल्या त्याच संध्याकाळी मी तो खणातून काढून घरी नेला होता. सरकारी कागद घरी नेणं गुन्हा आहे, एवढं मला कळतं. खणात ठेवायची हिंमत झाली नाही आणि फाडायचीही झाली नाही. गाव सुटलं, कात्रजला मुलाकडे आलो, निर्मला गेली, दोन वेळा घर बदललं. कागद कपाटात बरोबर राहिला. इतकी वर्षं मला एकच गोष्ट हवी होती. तुम्ही तारीख मुद्दाम टाकली नाहीत, की विसरलात? मुद्दाम असेल तर मी हुकमाचा ताबेदार. विसरला असाल तर त्या बाईंचा पाय माझ्या खणात मोडला. माझी झोप त्याच्यावर अडून होती आणि तुम्हाला विचारायला तोंड होत नव्हतं.

वहिनींच्या मागे तुम्ही मांजरीला शैलाताईंकडे आलात. नववा मजला. खिडकीतून थोडा ऊस दिसायचा, तोही दरवर्षी कमी. मी दर गुरुवारी यायचो. कात्रजहून हडपसरची बस, तिथून शेअर रिक्षा. येऊन-जाऊन दिवस मोडायचा. सूनबाई म्हणायची, "बाबा, व्हिडिओ कॉल करा ना, एवढी दगदग कशाला?" तिला काय सांगणार?

तुम्हाला तिथे करमत नव्हतं. पण अर्ज करायची तुमची हौस मात्र फिटली. गेटबाहेरचा दिवा सहा महिने बंद होता. सोसायटी अजून बिल्डरच्याच ताब्यात, म्हणून अर्ज त्याच्या साइट ऑफिसला. मजकूर मी लिहिला, सही तुमची. तुम्ही स्वतः जाऊन द्यायचं म्हणालात. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, ॲपवर कंप्लेंट टाका ना, इझी आहे एकदम." तुम्ही हलला नाहीत, तेव्हा आतून मॅनेजर आला, पोचीच्या प्रतीवर सही ठोकली आणि म्हणाला, "आजोबा, सही झाली. आता घरी जाऊन वाट बघा. वाट बघण्याचे आम्ही पैसे घेत नाही."

आपण परत आलो. लिफ्टमध्ये चष्मा लावून ती प्रत बघितलीत.

"गोसावी, ह्याला तारीख न्हाई."

"नाही," मी म्हटलं.

तुम्ही हसलात. मोठ्यांदा हसलात, शेजारची बाई दचकली. दिवा त्यानंतरही लागला नाही. दर गुरुवारी तुम्ही खिडकीशी उभे राहून म्हणायचात, "अर्ज देऊन किती महिने झाले ओ, गोसावी. लोक कसे थांबत असतील?" मला फार राग यायचा. लोक कसे थांबतात ते मी वीस वर्षं टेबलापलीकडे बघितलं होतं.

शेवटी त्या एका गुरुवारी मी मोहितेबाईंचा अर्ज घेऊन आलो. चहाच्या कपाशेजारी ठेवला. तुम्ही घडी उलगडलीत, सही ओळखलीत. सहीखालच्या कोऱ्या जागेवर अंगठा ठेवलात.

मी विचारलं, "नाना, विसरलात की मुद्दाम?"

तुम्ही कागद मांडीवर ठेवलात. मग म्हणालात, "समजा मुद्दाम न्हवती टाकली. तरी तुमी इचारायला पायजे हुतं. समजा इसरलो. तरी तुमी इचारायला पायजे हुतं."

"आणि विचारलं असतं तर खरं सांगितलं असतंत?"

"आता कसं सांगू? इचारलंच न्हाई ना."

मी आयुष्यात पहिल्यांदा तुमच्यावर ओरडलो. म्हणालो, तुमचे सगळे नकार मी गिळले, गावाच्या शिव्या मी खाल्ल्या, बायकोला ऐकायला लागलं, आणि आता हाही दोष माझ्याच पदरात? शैलाताई स्वयंपाकघरातून धावत आल्या. तुम्ही हात वर केलात, त्यांना थांबवलंत. कागद उशाखाली सरकवलात आणि म्हणालात, "ऱ्हाऊ द्या माझ्याकडं. बघतो." तुमचं 'बघतो' मला चांगलं माहीत होतं. चहा तसाच टाकून मी निघालो.

पुढचे तीन गुरुवार मी आलो नाही. शैलाताईंचा फोन आला, नाना विचारतायत. मी गुडघ्याचं सांगितलं. चौथ्या गुरुवारी येणार होतो, खरंच येणार होतो, कपडे काढून ठेवले होते. बुधवारी सकाळी, चहा झाल्यावर, खिडकीशी बसल्या बसल्या तुम्ही गेलात. मला ते तीन गुरुवार आता परत कोण देणार? रागावून घरी बसलो, तर तेवढ्या वेळात तुमची माणसं तुम्हाला भेटून गेली आणि मी कात्रजला टीव्हीसमोर बसून होतो. नाना, मला त्याचं फार वाईट वाटतं.

सभेत मोहितेबाई शेवटी बोलल्या. बसच्या पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून दोघांनी धरून आणलं होतं त्यांना. केस पांढरे झालेत. काठी तीच की नवी, कळलं नाही. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, आठ दिवसांत कठडा. पुढे म्हणाल्या, "अर्ज करून थकले होते मी. वाटलं, आपलीच काहीतरी चूक झाली असणार अर्जात. नमुना चुकला असेल, कोर्ट फीचं तिकीट राहिलं असेल. पोरांना अर्जलेखन शिकवायचे आणि स्वतःचा अर्ज नीट लिहिता आला नाही म्हणून लाजही वाटायची." लोक हसले. त्याही हसल्या.

इतकी वर्षं मी माझी चूक की तुमची चूक एवढंच करत बसलो होतो. ती बाई इकडे स्वतःचीच चूक समजून बसली होती.

सभा संपली, गावच्या बस गेल्या. मी खुर्च्या लावायला थांबलो, म्हणजे नुसताच बसून राहिलो. शैलाताईंनी एक लिफाफा आणून हातात दिला. म्हणाल्या, "नाना म्हणाले होते, गोसावी आले की द्यायचं. पोस्टाने पाठवू नकोस, हातात दे म्हणाले. आदल्या शुक्रवारी चष्मा मागितला, पेन मागितलं. मला दोनदा विचारलं, आज तारीख काय गं? मला वाटलं, विसरायला लागलेत आता. डॉक्टरांनाही सांगितलं मी तसं."

हडपसरहून कात्रजच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तेव्हा लिफाफा उघडला. मोहितेबाईंचा अर्ज. तुमची जुनी झोकदार सही. तिच्याखाली, हात कापत काढलेली तारीख. तुम्ही गेलात त्याच्या पाच दिवस आधीची.

जुनी तारीख टाकता आली असती, नाना. कोण बघणार होतं? हुकूम वेळेवर दिला होता आणि कारकुनाने कागद दाबला, असं कायमचं झालं असतं आणि तुम्ही मोकळे झाला असतात. पण तुमच्याकडे दुसरा दिवस नव्हता. मुद्दाम की विसरून, हे तुम्ही मरेपर्यंत सांगितलं नाहीत. तारीख टाकायचं काम तुमचं होतं, एवढं मात्र लिहून दिलंत.

आणि तारखेखाली आणखी एक ओळ. नगरपालिकेत आपण हजारदा लिहिलेली, तुम्ही सांगायचात आणि मी लिहायचो. या वेळी तुमच्या हातची.

अर्जदारास कळवावे.

मी बसमध्येच रडलो. कंडक्टरने विचारलं, "बाबा, बरं वाटत नाही का?" मी मान हलवली. कात्रजचा स्टॉप मागे गेला तरी उतरलो नाही. डेपोपर्यंत गेलो आणि तिथून चालत परत आलो.

आता बाईंकडे जायचं म्हणजे काय सांगायचं ते सांगायचंच. अर्ज नीट होता, बाई. नमुना बरोबर होता. साहेबांनी सही केली, तारीख टाकली नाही, आणि मी विचारलं नाही. तो माझ्या खणात पडून होता. त्यानंतर त्या काठी उगारतील, की चहा करतील, मला माहीत नाही. मला भीती वाटते. या वयात कोणाच्या दारात उभं राहून असं बोलायचं त्राण राहिलेलं नाही, आणि तुम्ही बरोबर असतात तर तुमच्या मागे उभा राहिलो असतो.

पण तारीख पडलेला कागद मी आजवर कधी अडवलेला नाही. सोमवारी सकाळच्या गाडीने निघतो.